खिडकीतला उजेड आणि चटई क्षेत्राचा हिशेब

मुंबईतील एखादी इमारत साधारण कोणत्या काळात मंजूर झाली, हे ओळखण्यासाठी कागदपत्रे उघडावी लागतातच असे नाही. तिच्या दर्शनी भागाकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले तरी पुरते. दादर-माटुंग्यातील तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर थांबलेल्या, गोलसर बाल्कन्यांच्या इमारती. अंधेरी-बोरिवलीत खांबांवर उभे असलेले सात मजले. खिडक्यांखाली काँक्रीटच्या पेट्या चिकटवलेले लोअर परळचे मनोरे. आणि अलीकडच्या काळात अनेक मजली वाहनतळाच्या पाठीवर बसवलेले टॉवर. यांतील फरक वास्तुविशारदांच्या अभिरुचीचा थोडा आणि त्या त्या वेळच्या विकास नियंत्रण नियमावलीचा फार मोठा आहे.

आज मुंबई आणि उपनगरांतील हजारो गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. तेथील सर्वसाधारण सभांमध्ये ‘किती चौरस फूट वाढीव मिळणार’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. ‘नव्या घरात दिवसा दिवा न लावता वाचता येईल का’ हा क्वचितच. वास्तविक शहराच्या बांधकाम नियमांचा जन्म या दुसऱ्या प्रश्नातून झाला. पहिला प्रश्न त्याच्या जागी कसा आला, याचा हा आढावा.

नियम नेमके काय ठरवतात?

विकास आराखडा शहराची जमीन वापरानुसार वाटून देतो. निवासी, वाणिज्य, औद्योगिक अशी परिमंडळे ठरतात. शाळा, मैदाने, रुग्णालये, रस्ते यांसाठी आरक्षणे पडतात. त्यानंतर विकास नियंत्रण नियमावलीचे काम सुरू होते. भूखंडावर एकूण किती बांधता येईल, कुंपणापासून किती जागा मोकळी सोडावी लागेल, किती गाड्यांची सोय करावी लागेल, जिना किती रुंद असेल, हे सारे ती सांगते.

यांतील सर्वांच्या तोंडी असलेला शब्द म्हणजे एफएसआय, अर्थात चटई क्षेत्र निर्देशांक. सर्व मजल्यांच्या बांधकाम क्षेत्राच्या बेरजेला भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागले की हा आकडा मिळतो. १००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १ असेल, तर एकूण १००० चौरस मीटर बांधता येते. हे क्षेत्र निम्म्या भूखंडावर दोन मजल्यांत बसवावे की दहाव्या हिश्श्यावर दहा मजल्यांत, याविषयी निर्देशांक काहीही सांगत नाही. ते काम इमारतीभोवती सोडायच्या जागेचे, म्हणजेच सामासिक अंतराचे आणि उंचीवरील मर्यादांचे. एफएसआय परिमाण ठरवतो, सामासिक अंतर आकार ठरवते. याखेरीज एक तिसरी, फारशी चर्चेत नसलेली बाब आहे : कोणते क्षेत्र मोजायचे आणि कोणते मोजायचे नाही. मुंबईच्या इमारतींचे रूप या तिसऱ्या बाबीने सर्वाधिक बदलले आहे.

जाता जाता एक गंमत. मुंबईत बांधकामाच्या ज्या पहिल्या मंजुरीची विकासक आणि रहिवासी वर्षानुवर्षे वाट पाहतात, त्या ‘आयओडी’चे पूर्ण नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नामंजुरीची सूचना. अमुक अटी पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव नामंजूर, अशी १८८८ च्या महापालिका कायद्यातील भाषा. तिचाच अर्थ व्यवहारात मंजुरी असा झाला.

प्लेगनंतरचे साडेत्रेसष्ट अंश

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीच्या जुन्या शहराची अवस्था चव्हाट्यावर आली. घरांच्या रांगा एकमेकींना इतक्या खेटून होत्या की आतील खोल्यांत ऊन पोहोचत नसे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुन्या वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेकडे दादर, माटुंगा, शीव येथे नव्या वसाहतींची आखणी केली. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

ट्रस्टच्या अभियंत्यांनी उजेडासाठी एक भूमितीय कसोटी लावली. समोरच्या बांधकामाच्या माथ्यापासून खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा अधिक कोन करता कामा नये. साध्या भाषेत, खिडकीसमोर जितकी मोकळी जागा असेल, त्याच्या सुमारे दुपटीपेक्षा समोरचे बांधकाम उंच नको. या कसोटीला जमिनीचा भाव ठाऊक नव्हता आणि चौरस फूटही मोजायचे नव्हते. ऊन आणि वारा खोलीत पोहोचतो की नाही, एवढेच ती पाहत असे.

दादर-माटुंग्याच्या वसाहतींत सुट्या सुट्या इमारती, चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा आणि मर्यादित उंची दिसते, ती याच विचारातून. चाळीतील एका खोलीतून स्वतंत्र स्वयंपाकघर आणि संडास असलेल्या ब्लॉकमध्ये गेलेल्या मध्यमवर्गाला ही नवी घरे मिळाली. मरीन ड्राइव्हवरील १९३० आणि ४० च्या दशकांतील इमारतींची एकसारखी उंचीही योगायोगाने आलेली नाही. समुद्रात भराव घालून मिळवलेल्या त्या भूखंडांवर काय आणि किती उंच बांधायचे, यावर बंधने होती. त्या शिस्तीतून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींचा समावेश २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

कोन गेला, गुणाकार आला

मुंबईत एफएसआयची पद्धत आली ती १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर. न्यूयॉर्कने १९१६ च्या नियमांत रस्त्यावर उजेड राहावा म्हणून उंच इमारतींना पायरीपायरीने मागे सरण्याची सक्ती केली होती आणि १९६१ मध्ये तेथेही चटई क्षेत्राच्या प्रमाणावर आधारलेली पद्धत आली. मुंबईतील बदल त्याच काळातला. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा झाला. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहर भागासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी सर्वसाधारणपणे १ असा मूळ निर्देशांक ठेवला.

हे आकडे जगातील मोठ्या शहरांच्या तुलनेत फारच कमी होते. गर्दी आवरण्यासाठी निर्देशांक कमी ठेवावा, असा नियोजनकारांचा तर्क होता. लोकसंख्या अर्थातच त्या आकड्याकडे पाहून थांबली नाही. परिणामी बांधकामाचा हक्क ही शहरातील सर्वांत दुर्मिळ वस्तू झाली, आणि जी वस्तू दुर्मिळ होते तिचा बाजार तयार होतो. मूळ निर्देशांक कमी ठेवायचा आणि त्यावर अपवादांची रास रचायची, ही मुंबईची पद्धत येथून सुरू झाली. जुन्या उपकरप्राप्त इमारतींना एक कलम, झोपडपट्टी पुनर्वसनाला दुसरे, म्हाडा वसाहतींना तिसरे, समूह विकासाला चौथे. नियमावलीतील ३३ व्या नियमाची उपकलमे बांधकाम व्यवसायातील माणसे पाढ्यांसारखी म्हणतात, ती याचमुळे. ‘तुमची इमारत ३३(७) मध्ये बसते की ३३(५) मध्ये?’ या प्रश्नाच्या उत्तरावर शेजारशेजारच्या दोन इमारतींचे भवितव्य पूर्णतः वेगळे होऊ शकते.

१९९१ च्याच नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, अर्थात टीडीआर आणला. आरक्षित जमीन महापालिकेच्या स्वाधीन करणाऱ्या मालकाला पैशांऐवजी तितक्या बांधकामाचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने मिळू लागला आणि तो विकताही येऊ लागला. कल्पना उत्तम होती. महापालिकेला तिजोरी न उघडता मैदाने आणि रस्ते मिळणार होते. मात्र हा हक्क शहर भागात वापरण्यास मनाई होती. तो उपनगरांतच, उत्तरेकडे वापरायचा होता. त्यामुळे ज्या वस्त्यांचे रस्ते आणि जलवाहिन्या निर्देशांक १ धरून आखल्या होत्या, त्यांवर दुसऱ्या ठिकाणच्या जमिनीचे बांधकाम येऊन बसले. विलेपार्ले-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत तळमजला अधिक तीनच्या इमारती पाडून ‘स्टिल्ट अधिक सात’ उभ्या राहिल्या. सातच का? तत्कालीन नियमांत २४ मीटरपेक्षा उंच इमारत ‘उत्तुंग’ गणली जाई आणि तिला अग्निसुरक्षेच्या अधिक कडक अटी लागत. त्या मर्यादेच्या आत बसणारी ही उंची. २०१८ च्या नियमावलीत ही मर्यादा ३२ मीटर झाली आणि इमारतीही तितक्या वाढल्या.

न मोजलेल्या जागेची कथा

आता त्या तिसऱ्या बाबीकडे वळू. एफएसआयमध्ये जे क्षेत्र मोजले जात नाही, ते विकासकाच्या दृष्टीने जवळजवळ फुकटचे क्षेत्र. नियमाने एखादी गोष्ट मोजणीबाहेर ठेवली की पुढच्या काही वर्षांत ती प्रत्येक इमारतीवर उगवते.

१९९१ च्या नियमावलीत बाल्कनी मजल्याच्या क्षेत्रफळाच्या १० टक्क्यांपर्यंत मोजणीबाहेर होती. शिवाय अधिमूल्य भरून ती बंदिस्त करण्याचीही मुभा होती. परिणाम असा की पावसाळ्याच्या या शहरात, जेथे सावली आणि आडोसा देणाऱ्या बाल्कनीची खरी गरज, तेथे नव्या इमारतींतून उघडी बाल्कनी नाहीशी झाली. कागदावर ती होती. प्रत्यक्षात ती दिवाणखान्याचा भाग झाली होती.

मग फ्लॉवर बेडची पाळी आली. खिडकीबाहेर कुंड्यांसाठी ठेवायची काँक्रीटची पेटी मोजली जात नसे. त्याचप्रमाणे भिंतीतील कोनाडे, सुशोभनाचे भाग, डक्ट, कपडे वाळवायची जागा. २००० च्या दशकातील मनोऱ्यांवर या पेट्यांच्या ओळीच्या ओळी आढळतात, आणि त्यांत क्वचितच एखादे झाड दिसते. ताबा घेतल्यावर मधला कट्टा फोडायचा, पेटीची जमीन खोलीच्या पातळीला आणायची, की खोली दोन-तीन फुटांनी लांब होई. ग्राहकाकडून या जागेचे पैसे ‘सुपर बिल्टअप’च्या हिशेबात आधीच घेतलेले असत. म्हणजे महापालिकेच्या लेखी जी जागा अस्तित्वात नव्हती, तिची विक्री मात्र रीतसर झालेली असे.

जानेवारी २०१२ मध्ये आयुक्त सुबोध कुमार यांच्या कार्यकाळात हा प्रकार बंद झाला. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे इत्यादी सर्व क्षेत्र निर्देशांकात धरले जाऊ लागले आणि त्याच्या भरपाईदाखल ‘फंजिबल एफएसआय’ आला : निवासी बांधकामासाठी ३५ टक्के आणि वाणिज्य व औद्योगिक बांधकामासाठी २० टक्के जादा क्षेत्र, अधिमूल्य भरून, पाहिजे तसे वापरण्यासाठी. त्यानंतरच्या इमारतींच्या भिंती पुन्हा सपाट झाल्या. आरंभी दर्शनी भागावरून वर्ष ओळखण्याचा जो दावा केला, त्याचा हा सर्वांत ठळक पुरावा.

वाहनतळाचीही हीच कथा. वाहनांसाठीचे मजले मोजणीबाहेर राहिल्याने स्टिल्टची जागा पोडियमने घेतली आणि पोडियम दोन मजल्यांवरून सहा-सात मजल्यांवर गेला. रहिवाशांचे पहिले घर रस्त्यापासून वीस-पंचवीस मीटर वर सुरू होते. वरच्यांना समुद्र दिसतो, विक्रीचा भाव वाढतो. पण पदपथावरून चालणाऱ्याच्या वाट्याला येते ती जाळ्यांची आंधळी भिंत. पूर्वी या उंचीवर खिडक्या आणि सज्जे असत, भाजीवाल्याला हाक मारणारी माणसे असत. रस्त्यावर कोणाचेही लक्ष नसणे ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात मोजली जात नाही.

पोडियमवरच बाग करून मोकळ्या जागेची अट पूर्ण दाखवण्याची प्रथा पडली होती. दादर येथील कोहिनूर गिरणीच्या जागेवरील प्रकल्पाशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये, नियमाने सक्तीची असलेली मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, असा निर्णय दिला. झाडांची मुळे स्लॅबवर रुजत नाहीत आणि मुलांचे मैदान वाहनतळाच्या छतावर असू नये, हे सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

ही जमीन ज्या गिरण्यांची, त्यांच्याबाबत तर एका शब्दाने शहराचा नकाशा बदलला. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू झाली. गिरणीची जमीन बहुतांशी शेडखाली असल्याने महापालिका आणि म्हाडाचा वाटा आक्रसला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने पर्यावरणवादी संस्थेच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती वैध ठरवली. लोअर परळमध्ये आज अरुंद रस्त्यांच्या कडेला काचेचे मनोरे आहेत आणि मैदाने नाहीत, याचे मूळ त्या दुरुस्तीत आहे. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न त्यानंतर किती लांबला, हे या वर्तमानपत्राच्या वाचकांना सांगायला नको.

तीन मीटरचे अंतर

हे सारे विकत घेऊ शकणाऱ्यांच्या घरांविषयी झाले. ज्यांना घर निवडण्याची मुभाच नाही, त्यांच्या इमारतींना हाच हिशेब अधिक कठोरपणे लागू होतो.

झोपडपट्टी पुनर्वसनात रहिवाशाला मोफत घर मिळते आणि त्याच्या बदल्यात विकासकाला विक्रीसाठी बांधकामाचा हक्क. पुनर्वसनाचे घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर गेले, ही सुधारणा खरी. पण त्याच वेळी हेक्टरी किमान ५०० आणि नंतर ६५० घरे बसवण्याची अट आली आणि ती पाळता यावी म्हणून सामासिक अंतरात सवलती दिल्या गेल्या. एरवी १९९१ च्या नियमावलीत बाजूचे आणि मागचे अंतर इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश असावे, असा सर्वसाधारण नियम होता. पुनर्वसनाच्या इमारतींत तो शिथिल झाला.

गोवंडी-मानखुर्द परिसरातील नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या रस्ते व रेल्वे प्रकल्पांतील विस्थापितांसाठी बांधलेल्या वसाहती. नटवर पारेखमध्ये कित्येक इमारतींमधील अंतर जेमतेम तीन मीटर आहे. समोरच्या घरातील माणसाशी खिडकीतून हातमिळवणी करता येईल, अशी ही दाटी. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवे लावावे लागतात. गल्लीत कचरा साचतो म्हणून खिडक्या बंद ठेवल्या जातात आणि वाऱ्याची उरलेली वाटही मिटते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी या वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा घरात येणारा उजेड-वारा आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. खालच्या मजल्यांवर रोगाचे प्रमाण अधिक, आणि तुलनेने ऐसपैस मांडणी असलेल्या जवळच्याच पीएमजी कॉलनीत ते लक्षणीय कमी.

क्षयाचे जंतू कोंदट, अंधाऱ्या हवेत टिकतात, हे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळातही माहीत होते. त्या काळच्या नियमाने समोरच्या भिंतीचा कोन मोजला; पुढे याच शहराच्या नियमाने गरिबांच्या इमारतींसाठी तो मोजणे सोडून दिले. यात कोणी बेकायदा काही केले असे नाही. या इमारती रीतसर मंजूर झाल्या आहेत. अनधिकृत मजल्यांवर निदान कारवाई तरी होते. ब्रीच कँडीजवळच्या ‘प्रतिभा’ इमारतीचे वरचे आठ मजले पाडले गेले, वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीतील जादा मजल्यांविरुद्ध २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला. मंजूर अंधाराविरुद्ध असा दाद मागण्याचा मार्ग नाही.

रस्त्याची रुंदी आणि आपली इमारत

२०१५ मध्ये जाहीर झालेल्या विकास आराखड्याच्या मसुद्यात काही ठिकाणी ८ पर्यंत निर्देशांक सुचवला होता. त्यावर इतक्या हरकती आल्या की त्याच वर्षी राज्य सरकारने तो मसुदा रद्द केला. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या ‘२०३४’च्या नियमावलीने मूळ निर्देशांक १.३३ आणि १ असेच ठेवले. मात्र टीडीआर आणि अधिमूल्य भरून मिळणारे क्षेत्र मिळून कमाल मर्यादा रस्त्याच्या रुंदीशी जोडली. मूळ तक्त्यानुसार उपनगरांत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर १, ९ ते १२ मीटरवर २, १२ ते १८ मीटरवर २.२, १८ ते २७ मीटरवर २.४ आणि त्यापुढे २.५. शहर भागात हीच मर्यादा १.३३ पासून ३ पर्यंत जाते. त्यावर फंजिबलचे ३५ टक्के वेगळे. शहर भागातही आता टीडीआर वापरता येतो.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. उपनगरातील १००० चौरस मीटरचा भूखंड १३.४० मीटरच्या रस्त्यावर असेल, तर २२०० आणि फंजिबल धरून २९७० चौरस मीटर बांधता येते. तोच भूखंड मागच्या ७ मीटरच्या गल्लीत असेल, तर १३५०. दोन्ही संस्था एकाच वेळी बांधलेल्या, दोन्हींच्या स्लॅबमधून पाणी गळते. पण पहिलीच्या दारात विकासकांची रांग आणि दुसरीकडे कोणी फिरकत नाही. तीस वर्षांहून जुन्या गृहनिर्माण संस्थांना ३३(७)(ब) नुसार प्रत्येक घरामागे १० चौरस मीटर किंवा विद्यमान बांधकामाच्या १५ टक्के, यांपैकी जे अधिक ते प्रोत्साहनपर क्षेत्र मिळते. त्याने थोडा हात मिळतो, मात्र गणित सुटतेच असे नाही. सांताक्रूझ, विलेपार्ले, कुर्ला येथे विमानांच्या मार्गाखालील संस्थांची अडचण आणखी निराळी : निर्देशांक आहे, पण उंचीला मर्यादा असल्याने तो वापरायला आकाश नाही.

तर्काला धरून पाहता रुंद रस्त्यावर अधिक बांधकाम ही भूमिका योग्य आहे. अडचण सामासिक अंतरात येते. भूखंड तेवढाच, बांधकाम अडीच-तीनपट. ते बसवायचे तर नियमातील अंतर पुरत नाही. तेव्हा आयुक्तांच्या विशेषाधिकारात, अडचणीचे कारण दाखवून आणि अधिमूल्य भरून, मोकळ्या जागेतील तूट क्षमापित केली जाते. अपवाद म्हणून ठेवलेली ही तरतूद लहान भूखंडांवर नेहमीचीच झाली आहे. अधिमूल्य हे महापालिकेच्या उत्पन्नाचे मोठे साधन असल्याने तिलाही ही तूट फारशी खुपत नाही.

पुनर्विकासाचा प्रस्ताव सभेपुढे येतो तेव्हा चटई क्षेत्राच्या तक्त्यासोबत आणखी दोन कागद मागून घेता येतात. पहिला, मागितलेल्या सवलतींचा अहवाल. त्यात कोणत्या बाजूला किती मीटर अंतर आवश्यक आणि किती प्रस्तावित, हे लिहिलेले असते. दुसरा, इमारतीचा उभा छेद. त्यात शेजारच्या भूखंडावर आजची तीन मजली इमारत न दाखवता, उद्या तेथेही आपल्याइतकीच उंची येणार असे धरून ती दाखवायला सांगावी. मग कोणत्या मजल्यापर्यंत ऊन पोहोचत नाही ते पट्टी लावूनही कळते. सदस्यांना मिळणारी घरे बहुधा खालच्या मजल्यांवर आणि विक्रीची वर असल्याने मजल्यांची ही वाटणी करारनाम्यापूर्वीच पाहावी. विक्रीची घरे असलेल्या प्रकल्पांना महारेराची नोंदणी लागते आणि तेथे दाखल केलेले मंजूर आराखडे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. त्यामुळे त्याच विकासकाने आधीच्या प्रकल्पात किती अंतर सोडले, हे सही करण्याआधी ताडून पाहणे अवघड नाही.